टुवूंबातले बुशवॉक: आधी उतार आणि शेवटी चढ, हा हिशोब करूनच निघा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या टुवूंबा शहरात नवीन आलेले आपले लोक, मग ते युनिव्हर्सिटीतले स्टुडंट असोत, नोकरीनिमित्त आलेली फॅमिली असो की दोन महिने मुलीकडे राहायला आलेले आईबाबा, बुशवॉकला, म्हणजे जंगलातल्या वाटांवर चालायला जाताना बहुतेक जण एकच गोष्ट उलटी करतात. आपल्याला सवय सह्याद्रीची. गाव पायथ्याला, गड वर, सकाळी ताजे असताना चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. इथे शहरच वर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, ग्रेट डिव्हायडिंग रेंजच्या अगदी कडेला, आणि शहराच्या पूर्वेकडच्या बऱ्याच वाटा कडेवरून खाली जंगलात उतरतात. जाताना मजेत गप्पा मारत उतरतो, पाणी अर्धं संपवतो आणि मग ऊन डोक्यावर आल्यावर कळतं की गाडी वर आहे.

वाट, पाणी, वेळ, बूट, सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय, तो मोडू नका.

१. आधी वाट निवडा, फोटो बघून नाही, ग्रेड बघून

ऑस्ट्रेलियात वाटांना १ ते ५ अशी ग्रेड असते. ग्रेड १ म्हणजे सपाट, पायऱ्या नाहीत, ५ किमीपर्यंत, व्हीलचेअरसुद्धा कुणाच्या मदतीने जाऊ शकते. ग्रेड २ मध्ये हलका चढउतार आणि अधूनमधून पायऱ्या, १० किमीपर्यंत. ग्रेड ३ इथे खरी गंमत सुरू होते, छोटे छोटे तीव्र चढ, खडबडीत वाट, भरपूर पायऱ्या, लांबी २० किमीपर्यंत असू शकते. ग्रेड ४ ला लांब, खडकाळ, खूप तीव्र आणि दिशादर्शक पाट्या कमी. ग्रेड ५ अनुभवी लोकांसाठी, ज्यांना नकाशा वाचता येतो आणि फर्स्ट एड येतं.

लोक काय करतात, तर किलोमीटर बघतात. "दोनच किमी आहे, बाबांना झेपेल." दोन किमी ग्रेड ४ म्हणजे बाबांच्या गुडघ्यांची परीक्षा आहे, मग बाबा कितीही म्हणोत की आम्ही ऐन उमेदीत राजगड तीन वेळा केलाय.

माझ्या मते शहराजवळ या क्रमाने जा:

पहिल्यांदा रेंजव्हिलमधलं डगन पार्क किंवा दक्षिणेकडचं एको व्हॅली. छोट्या वाटा, पक्षी भरपूर, चुकलात तरी घरं जवळ. शूज चावतात का, मुलं किती वेळात कंटाळतात, हे इथेच कळून येतं.

मग पिकनिक पॉइंट. वर लुकआउट, कॅफे, टॉयलेट, बाकडी, खेळायची जागा, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन सगळे इथेच येतात. वरवरच्या वाटा सोप्या आहेत पण त्याच जाळ्यातून खाली उतरणाऱ्या वाटा फुटतात आणि त्या सोप्या नाहीत. फसायला होतं ते इथेच, कारण सुरुवात बागेतून होते त्यामुळे सगळी वाट बागेसारखीच असेल असं वाटतं.

त्यानंतर ज्युबिली पार्क आणि रेडवूड पार्क. रेडवूड खाली जुन्या वॉरेगो हायवेच्या अंगाला, त्याच्या वर प्रिन्स हेन्री हाइट्सची वस्ती. उंचीतला फरक चांगलाच आहे. ज्युबिलीत माउंटन बाइकवाले जोरात खाली येतात, त्यांच्यासाठी वेगळे ट्रॅक आहेत, त्या ट्रॅकवर पायी चढू नका.

टेबल टॉप माउंटन शेवटी. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

शहराबाहेर जायचं तर रॅव्हन्सबोर्न नॅशनल पार्क (रेनफॉरेस्ट, सावली), क्रोज नेस्ट नॅशनल पार्क (ग्रॅनाइट, धबधबा, डोह) आणि जरा लांब कनिंगहॅम्स गॅप, जिथून बेअर रॉकची वाट जाऊन-येऊन १२ किमीच्या वर भरते. हा दिवसभराचा कार्यक्रम आहे, दुपारच्या जेवणानंतर निघण्यासारखा नाही.

*तपासा: ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा माणूस कोण? ग्रेड त्याच्याप्रमाणे ठरवायची, सगळ्यात उत्साही माणसाप्रमाणे नाही.*

२. आदल्या संध्याकाळी चार गोष्टी बघा

हवामान: ब्यूरोचं, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचं फोरकास्ट बघा, पण फक्त पाऊस नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी दुपारनंतर विजांचं वादळ आणि गारा हा इथला नेहमीचा प्रकार, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत परत. इथे धुकंही दाट येतं, दरीवर ढग बसला की लुकआउटवरून काहीही दिसत नाही आणि वाटेवरच्या खुणा पण दिसत नाहीत. धुकं असेल तर वरच्या सोप्या वाटेवर फिरा, खाली उतरायचं नाही.

आग: हे आपल्याकडच्या लोकांना सुचतच नाही. क्वीन्सलँडमध्ये आगीचा धोका साधारण हिवाळा संपता संपता वाढायला लागतो, म्हणजे नेमकं हवा छान असताना, सप्टेंबरात फुलांच्या कार्निव्हलला पाहुणे येतात तेव्हा. फायर डेंजर रेटिंगच्या २०२२ पासून चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. हायला वारा किती आहे बघून ठरवा, एक्स्ट्रीमला जंगलात पाय ठेवायचा नाही. आग चढावर जास्त वेगाने पळते आणि तुमची परतीची वाट पण चढावरच आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बंद वाटा: कौन्सिलच्या साइटवर आणि नॅशनल पार्क असेल तर पार्क अलर्टमध्ये बघा. थंडीत मुद्दाम नियंत्रित जाळ लावतात, पावसानंतर दरड किंवा झाड पडलेलं असतं. बंद म्हणजे बंद, दोरीखालून वाकून जायचं नाही.

कालचा पाऊस: आज ऊन असलं तरी काल पाऊस झालाय का? इथली लाल माती बसाल्टची आहे, ओली झाली की बुटाला गोळे चिकटतात आणि तळवा घसरतो. उतरताना आपटाल, चढताना एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. जोराच्या पावसात ओढे झपकन भरतात, १० जानेवारी २०११ ला या शहरात भर रस्त्यातून पुराचं पाणी गेलं होतं आणि माणसं दगावली होती, तेव्हा ओढ्याच्या काठच्या वाटेवर पावसात थांबायचं नाही.

३. बॅग: थोडी पण नेमकी

पाणी: माणशी ताशी अर्धा लिटर हा किमान हिशोब, उन्हाळ्यात जास्त. आणि हे तास परतीच्या चढाचे धरून मोजा. वाटेत नळ मिळेल असं गृहीत धरू नका, गाडी लावलीत तिथे टाकी-नळ असेल तर तिथेच भरून घ्या. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर करून न्या, महागड्या ड्रिंकपेक्षा काही कमी नाही.

बूट: खोल खाच असलेले. ऑफिसचे स्निकर्स ग्रेड २ पर्यंत चालतील. चपला, फ्लोटर्स नकोत, दगड आणि साप दोन्हीमुळे.

कपडे: लांब पँट, लांब मोजे. जीन्स भिजली की जड होते आणि गुडघा वर उचलताना अडते. टोपी सगळीकडून कड असलेली, कारण क्रिकेट कॅपने कान आणि मान उघडी राहते. सनस्क्रीन लावा, "आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय" असं म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, इथलं यूव्ही वेगळं आहे, थंड हवेत पण भाजून काढतं.

दोन रुंद इलॅस्टिक बँडेज. हे वाचून सोडून देऊ नका, सहाव्या टप्प्यात कळेल कशाला. बाकी शिट्टी, हेडटॉर्च, पॉवर बँक आणि थंडीत एक विंडचीटर.

फोनमध्ये इमर्जन्सी प्लस ॲप आणि ऑफलाइन नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. खाली घळीत उतरलं की रेंज दगा देऊ शकते.

खाणं: चिवडा, शेंगदाण्याचा लाडू, केळी. केळीचं साल "कुजून जाईल" म्हणून झाडीत फेकू नका, परत आणा. आणि पक्ष्यांना, वॉलबीला काही खायला घालायचं नाही, बाकरवडी तर नाहीच.

*सावधान: कुत्र्याला नॅशनल पार्कमध्ये नेता येत नाही, गाडीत बसवून सुद्धा नाही. कौन्सिलच्या पार्कांचे नियम वेगवेगळे आहेत, गेटवरची पाटी वाचा.*

४. परत फिरायची वेळ घरून निघायच्या आधीच ठरवा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि नेमका हाच सगळे गाळतात.

खाली उतरणाऱ्या वाटेचा नियम असा: हातात जेवढा वेळ आहे त्याचे तीन भाग करा. एक भाग उतरायला, दोन भाग चढायला. पाण्याचं पण तसंच, एक तृतीयांश संपलं की जिथे असाल तिथून वळायचं.

आता वेळ किती आहे ते मोजताना पण एक गोम आहे. क्वीन्सलँडमध्ये घड्याळ पुढेमागे करत नाहीत. जूनमध्ये सूर्य ५ च्या आसपास मावळतो, डिसेंबरात पावणेसातच्या सुमाराला, पण डिसेंबरात उजाडतं पाचच्या आधी. शिवाय हा उतार पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्य डोंगरामागे जातो आणि झाडीत संधिप्रकाश शहरापेक्षा बराच आधी होतो. वर कॅफेत लोक उन्हात कॉफी पीत असतात आणि खाली तुम्ही टॉर्च शोधत असता.

उदाहरण घ्या. जुलैतला रविवार, जेवून निवांत २ वाजता पोचलात. सूर्यास्त ५ च्या जरा पुढे. झाडीतल्या लवकरच्या अंधारासाठी अर्धा तास वजा, फोटो-टॉयलेट-कुरकुर यासाठी अर्धा तास वजा. उरले दोन तास. म्हणजे उतरायला फक्त ४० मिनिटं. २ वाजून ४० मिनिटांनी फोनला गजर लावायचा आणि तो वाजला की समोर कितीही छान वळण असू दे, वळायचं. ४० मिनिटं कमी वाटतात ना, मग सकाळी निघा.

घरी असलेल्या कुणाला तरी मेसेज करा: कुठलं पार्क, गाडी कुठे लावली, कोण कोण, किती वाजेपर्यंत परत, आणि तोपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. "फिरायला चाललोय" हा मेसेज काही कामाचा नाही.

५. वाटेवर: पहिली पंधरा मिनिटं हळू

१. सुरुवातीच्या नकाशाच्या पाटीचा फोटो काढा. सगळ्यांनी काढा, एकाची बॅटरी जाते.

२. प्रत्येक फाट्यावर थांबा आणि मागे वळून बघा. परत येताना तो फाटा कसा दिसणार हे डोळ्यात भरून घ्या. पिकनिक पॉइंटसारख्या ठिकाणी वाटांचं जाळं आहे आणि परतताना वर जाणारी प्रत्येक वाट आपलीच वाटते. चुकीच्या वाटेने वर गेलात तर गाडी भलत्याच टोकाला राहते आणि डांबरी रस्त्याने चालत यावं लागतं.

३. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. धावत उतरलात तर मांड्या तेव्हा काही बोलत नाहीत, चढताना बोलतात.

४. सगळ्यात हळू माणूस पुढून दुसरा. शेवटी ठेवलात तर त्याला आराम कधीच मिळत नाही, तो पोचतो तेव्हा बाकीचे उठून निघालेले असतात.

५. वाट सोडू नका. बाजूला जी घाणेरी माजलीये, हो, तीच आपली टणटणी, जी आपल्याकडच्या डोंगरांवर पण पसरलीये, ती इथेही उपरीच आहे आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षं उपटतायत. तिच्यातून शॉर्टकट मारलात तर हातपाय ओरबाडतात आणि पाय कशावर पडतोय ते दिसत नाही. साप उन्हाला बसतात ते अशाच कडेला.

६. पडलेलं लाकूड ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. थेट ढांग टाकायची नाही.

रॅव्हन्सबोर्नसारख्या रेनफॉरेस्टात आणखी एक: मोठ्या, हृदयाच्या आकाराच्या पानांचं झाड दिसलं तर हात लावू नका. दक्षिण-पूर्व क्वीन्सलँडच्या रेनफॉरेस्टात स्टिंगिंग ट्री असतात, पानांवर काचेसारखे बारीक केस, आपली खाजकुयली त्यापुढे काहीच नाही. लागलंच तर चोळू नका, केस आणखी आत जातात, वॅक्स स्ट्रिपने ओढून काढतात.

क्रोज नेस्टला डोहात उडी मारायची नाही. पाण्याखाली खडक आहेत आणि पाणी प्रचंड गार असतं.

*तपासा: उतरताना दर वीस मिनिटांनी विचारा, "इथून वर चढून जायला सगळ्यांना जमेल?" एकाचं जरी उत्तर "बघू" असेल तर वळा.*

५अ. टेबल टॉपचं वेगळं

पिकनिक पॉइंटवरून खाली जो सपाट माथ्याचा डोंगर दिसतो तो हा. इथे गाडीने खाली जाऊन मग चढायचं, म्हणजे आपल्या सवयीचा प्रकार, आणि म्हणूनच आपले लोक जास्त निर्धास्त होतात. अंतर थोडं आहे पण आधी एक उंचवटा, मग खाली उतरायचं, मग खरा चढ, सुट्या दगडांचा, काही ठिकाणी हात लावून चढावं लागतं. दीड-दोन तास धरा.

वर पोचल्यावर दोन चुका होतात. एक, माथा सपाट आणि गवताळ असल्यामुळे फिरत फिरत लांब जातात आणि उतरायची जागाच सापडत नाही. वर पाऊल ठेवल्या ठेवल्या मागे वळून फोटो काढा आणि नकाशावर तिथे पिन टाका. दोन, उतरताना एकामागे एक सरळ रेषेत उतरतात. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर. तीव्र भागात एकेकाने उतरा, बाकीच्यांनी बाजूला थांबायचं.

वर आडोसा नाही, त्यामुळे वादळाचा ढग दिसला तर चढूच नका. ओल्या दिवशी आणि लहान मुलांना घेऊन इथे जायला माझी साफ ना आहे.

६. काही झालंच तर

साप चावला: इथे ईस्टर्न ब्राउन आणि रेड-बेलीड ब्लॅक दोन्ही आहेत. चावलं असं नुसतं वाटलं तरी चावलंच समजा, ब्राउनच्या चाव्याची खूण कधी कधी दिसत पण नाही. माणसाला आहे तिथे खाली बसवा. चावा धुवू नका, कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. चाव्यावर घट्ट बँडेज बांधा, मग दुसरं बँडेज बोटांपासून सुरू करून चावलेल्या त्या सगळ्या हातावर किंवा पायावर वर गुंडाळत न्या, मुरगळल्यावर बांधतो तेवढं घट्ट. काठी लावून तो हात किंवा पाय हलणार नाही असा करा. ०००, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.

आणि त्याला चालवायचं नाही. "गाडीपर्यंत तर जाऊ या" हा विचार इथे सगळ्यात घातक, कारण गाडीपर्यंत म्हणजे चढ, आणि स्नायू हलले की विष पसरतं. मदत खाली येते, तिची वाट बघा. सापाला मारायच्या किंवा फोटो काढायच्या मागे लागू नका.

वाट चुकली: थांबा. "खाली गेलं की रस्ता लागेलच" असं म्हणून ओढ्यातून उतरत जाऊ नका, ओढा कड्यावर येऊन संपू शकतो. शेवटचा ओळखीचा फाटा कुठे होता ते आठवा, तिथपर्यंत परत जाता येत असेल तर जा, नाहीतर बसा आणि शिट्टी तीनदा वाजवा. रेंज नाही असं दिसलं तरी ००० लावून बघा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर तो कॉल जातो. इमर्जन्सी प्लस ॲपमध्ये तुमची जागा दिसते, ती वाचून दाखवा. घाबरून मराठीत सुरू झालात तरी हरकत नाही, "मराठी इंटरप्रिटर" एवढं सांगा, पण जागा आधी सांगा.

७. परत आल्यावर

मेसेज केला होता त्या माणसाला "पोचलो" कळवा. हे विसरल्यामुळे रात्री उगाच शोधाशोध होते.

बूट घासून माती आणि बिया काढा, दुसऱ्या पार्कात जायच्या आधी तर नक्कीच.

मग अंग तपासा: कानामागे, केसांत, काखेत, कमरेपाशी, गुडघ्याच्या मागे. टिक म्हणजे गोचीड. पूर्व ऑस्ट्रेलियात पॅरालिसिस टिक असते. नखाने ओढायची, पिळायची नाही, दाबली की तिची लाळ आणखी आत जाते. फार्मसीत टिक गोठवणारा स्प्रे मिळतो, तो मारून ती जागीच मरू द्यायची, मग आपोआप गळून पडते. आधी कधी टिकची ॲलर्जी झाली असेल तर हे सगळं घरी न करता डॉक्टरकडे जा. मुलांच्या डोक्यात हात फिरवून बघायला कंटाळा करू नका. आणि हो, टिक चावल्यावर काही लोकांना मटण-बीफसारख्या मांसाची ॲलर्जी होते, जेवल्यावर काही तासांनी पित्त उठतं नाहीतर धाप लागते. तेव्हा चावून गेल्यावर काही आठवड्यांनी रविवारच्या रश्श्यानंतर मध्यरात्री अंगावर गांध्या आल्या तर मसाल्याला दोष देत बसू नका, डॉक्टरांना टिकचं सांगा. श्वास लागत असेल तर थेट ०००.